घोडागाडीच्या कायद्याची रिक्षा

समोरून म्हैस आली की आमचे दामूभाऊ रिक्षाचं इंजिन बंद करायचे. भोंगा नाही, हाड-हूड नाही. रिक्षा कडेला आणि दामूभाऊंचे हात मांडीवर. म्हैस त्यांच्याकडे बघायची, ते म्हशीकडे. म्हशीला कसली घाई? इकडे खर्डी स्टेशनात माझी गाडी यायची वेळ झालेली. मी मागून म्हणायची, अहो, हाणा की तिला. तर मानही न वळवता म्हणायचे, "कायद्यात बसत नाय, वैनी. जनावर बुजलं तर मोटारवाल्यानं थांबायचं."

हा कायदा कुठला, तर इंग्रजांच्या वेळच्या मुंबईचा. त्यांचे आजोबा तिथे व्हिक्टोरिया घोडागाडी हाकायचे. मोटारी तेव्हा नुकत्या आलेल्या, घोडे बिचकायचे, म्हणून गाडीवाल्यांसाठी नियमांचं एक मराठी पुस्तक निघालं होतं. आजोबा गावी परतले ते एवढी एकच कमाई घेऊन. वडिलांनी स्टेशनवर टांगा चालवला आणि घोड्याला खरारा करता करता सगळी कलमं लेकाच्या डोक्यात उतरवली. दामूभाऊंना अक्षर वाचता येत नाही, पण कलमं पाठ. टांगा गेला, रिक्षा आली, कायदा तोच राहिला. पुस्तक बिस्किटाच्या डब्यात, देवाच्या फळीवर.

आता गिऱ्हाइकाला ओरडून बोलवायचं नाही, असं एक कलम. स्टँडवर बाकीचे घसा फाडून 'डोळखांब, डोळखांब' करतायत आणि आमचे दामूभाऊ मौनात. चढणीवर जनावराचा भार हलका करावा, असं दुसरं. म्हणून पाड्याखालची चढण आली की सगळ्यांनी उतरायचं. रिकामी रिक्षा तुरूतुरू वर जायची आणि आम्ही पिशव्या सांभाळत मागून. एकदा तर शालू नेसलेली नवरी चालवली त्यांनी. वरमाय जे काय बोलली, ते मी इथे लिहीत नाही.

गाडीत राहिलेली वस्तू चौकीत जमा करावी, हेही कलमच. कोणाची तरी कोंबडी राहिली. तोवर अंधारून आलं होतं, म्हणून रात्री घरी ठेवली आणि सकाळी नेऊन दिली. तासाभराने परत चौकीत हजर. हवालदार म्हणाला, आता काय? दामूभाऊंनी खिशातून अंडं काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, हे तिनं माझ्या घरी घातलं, पण मालक तोच.

सुंदरा, त्यांची बायको, हे सांगताना हसून हसून पदराने डोळे पुसायची. मला म्हणायची, "बाय, माजं लगीन मानसाशी नाय झालं गो, कायद्याशी झालं." आमची ओटीला ओटी लागून. तिच्या लेकीला शाळेत घातलं, तेव्हा त्या पोरीच्याच पुस्तकावर मी अक्षरं लावायला शिकले. सुंदरा नाही शिकली. म्हणाली, एका घरात एवढा कायदा पुरे.

भातं पोटरीला आली होती त्या वर्षी पाड्यांवर तापाची साथ आली. सुंदरालाही तापाने धरलं. तिसऱ्या दिवशी दुपारी तिला उठवेना. रिक्षा दारात उभी. आणि दामूभाऊ म्हणाले, साथीचं माणूस भाड्याच्या गाडीत घेता येत नाही, उद्या त्याच शीटवर कोणाचं तरी पोर बसेल. रिक्षा तिथेच ठेवून ते दुसरी गाडी बघायला पायी पळत गेले. जीप घेऊन आले तोवर दोन तास गेले. तेवढा वेळ सुंदरा ओट्यावर, माझ्या मांडीवर डोकं ठेवून.

जीपमध्ये तिला चढवताना, सगळा पाडा जमला असताना, मी बोलले. "दामूभाऊ, बायकोपरीस शीट मोठी झाली का तुमाला?"

शहापूरला नेलं, दोन दिवसांनी ती गेली. डॉक्टर म्हणाले की ताप डोक्यात गेला होता, दोन तास आधी आणली असती तरी सांगता आलं नसतं. पण माझं वाक्य बोलून झालं होतं आणि पाड्याने ते उचललंही होतं. मागे घेतलेलं वाक्य कोणी उचलत नाही.

यंदा होळीनंतर दामूभाऊंनी रिक्षा विकली. डोळ्यांत मोतीबिंदू, आणि गाडीवानाची नजर साफ असावी असंही कलम आहे. विकली त्याच संध्याकाळी डबा घेऊन माझ्या ओटीवर आले. म्हणाले, एकच कलम वाचून दाखवा, आजारी माणसाचं. लेक वाचते चांगली, पण तिला कुठल्या तोंडाने सांगू?

मी चष्मा लावला. पानं पापडासारखी झालेली. कलम सापडलं. मोठ्याने वाचलं, "साथीचे दुखणे असलेले मनुष्य भाड्याचे गाडीत घेऊ नये."

"हाय ना?"

"आहे."

वाक्य तिथे संपत नव्हतं. पान उलटलं की पुढे होतं, 'घेणे भाग पडल्यास, ते उतरल्यावर गाडी धुऊन, धुरी देऊन मगच दुसरे गिऱ्हाईक घ्यावे.' ते मी मनात वाचलं.

"म्होरं काय?" त्यांनी विचारलं.

म्हटलं, पुढे घोड्याच्या नालांचं आहे.

त्यांनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "मला ती म्हनली व्हती, वैनी. मी शीटवर नाय बसत, खाली पायाशी बसून येते. मी नाय म्हटलं." झाकण पुन्हा उघडलं. "आनि धुतली असती की मी गाडी. रोजच धुतो. त्या टायमाला डोक्यातच नाय आलं."

माझं बोट त्याच ओळीवर होतं. तेव्हा माफी मागायला हवी होती, निदान माझ्या त्या वाक्याची. मी चहा टाकायला आत गेले.

पुस्तक माझ्याकडेच ठेवून गेले, आता काय करायचंय म्हणाले. परवा त्यांची लेक आली होती. पणजोबांची आठवण म्हणून पुस्तक द्या म्हणाली. मी सांगितलं, सापडत नाही गो. तिने फळ्या धुंडाळल्या, माळाही बघितला. मी गोधडीवर बसून होते, पुस्तक गोधडीखाली.