युवा आघाडी आणि तरसाचे भाषण

एका जंगलात एक उदार पक्ष होता. मुलांनो, मांडी घालून बसा, पुढे कामाचे आहे. या पक्षात कुणालाही येता येई, कुणालाही बोलता येई, आणि बोलणाऱ्याला मात्र कुणालाही थांबवता येत नसे.

पक्षाची एक युवा आघाडी होती. तिचा अध्यक्ष होता रोही, म्हणजे नीलगाईचा नर. त्याच्या मानेचे केस पांढरे झाले होते. नातवंडांना शिंगे फुटली होती. पण एकवीस पावसाळे तो युवकच होता. दुसरा कोणी तयारच होत नाही, असे तो म्हणे. तयार व्हायला जो येई, त्याला तो आधी सभेच्या जागेचा पाला झाडायला लावी.

मोर हा आघाडीचा चिटणीस. ठराव तोच रची. सभा त्याच्या पिसावर चाले. म्हणजे असे, की ज्याच्या हाती मोरपीस, त्यानेच बोलायचे. तो पीस खाली ठेवेपर्यंत दुसऱ्याने बोलायचे नाही आणि जागचे उठायचेही नाही. नियम जुना होता. कुणी केला ते ठाऊक नव्हते, पण मोडायची छाती कुणाची नव्हती.

त्या वर्षी वैशाखात सगळे ओढे आटले. एक तळे उरले. त्याला तीन बाजूंनी उभी दरड, आणि पाण्यापर्यंत जायला एकच उतार. त्या उतारावर एक तरस येऊन बसला. मोठ्या जनावरांना तो वाट देई. रोही आला की सरकून बसे. लहान कोणी दिसले की दात दाखवी.

तांबी ही भेकराची पोर. भेकर हरणाच्याच जातीचे, पण धोका दिसला की कुत्र्यासारखे भुंकते. तांबीची आई खुराने अधू होती. तिला आठ दिवसांचे पाडस होते. तीन दिवस पाणी नाही म्हणून आईचे दूध आटत चालले होते. पाडस ओढत राही आणि मग गप्प पडून राही. तांबीला ते गप्प पडणे बघवत नसे.

ती युवा आघाडीकडे गेली. सभा मोहाच्या झाडाखाली होती.

"रोहीदादा," ती म्हणाली, "तरसानं उतार धरलाय. आई तीन दिवस तहानलेली आहे."

"बस. आधी पहिला विषय होऊ दे," रोही म्हणाला.

पहिला विषय होता दूरच्या वाळवंटातल्या उंटांच्या तहानेचा. त्यांना पाठिंबा द्यायचा होता. जंगलात उंट कुणी पाहिला नव्हता. त्यामुळे प्रत्येकाला बोलण्यासारखे पुष्कळ होते. सूर्य डोक्यावर आला तेव्हा पीस तांबीच्या हाती आले.

"तरस पाणी अडवतो. त्याला उठवा," ती म्हणाली आणि तिने पीस खाली ठेवले.

"एवढंच?" रोही म्हणाला. "अगं, वेदना जरा सविस्तर मांडायला शीक."

मोर ठराव रचू लागला. "'अडवतो' हा शब्द कठोर होतो. 'उतारावर दीर्घकाळ बसतो' असं घालू."

"त्यानं तहान भागते का?" तांबीने विचारले.

"पोरी, हातात पीस नाही तुझ्या," मोर म्हणाला.

एका सशाने पीस घेऊन सांगितले, की आपण तरसाची बाजू ऐकलीच नाही, हे आपल्या तत्त्वात बसत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. या सशाचे घर त्याच उतारावर होते आणि तरसापायी त्याने ते सोडले होते. तरीही तत्त्व ते तत्त्व. तरसाला उद्या मानाने बोलवावे असे ठरले. मतदानाच्या वेळी खवलेमांजराने नेहमीप्रमाणे स्वतःला गुंडाळून घेतले. त्याला तिथे तटस्थ म्हणत.

तांबीला राहवले नाही. ती भुंकली.

"हे चालणार नाही," रोही शांतपणे म्हणाला. "आपला पक्ष भुंकणाऱ्यांचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी तरस आला. त्याला आजवर कुणी कशाला बोलावलेच नव्हते. त्याच्या गळ्यात रानफुलांची माळ घातली गेली. पुढची सावलीची जागा मिळाली. मोराने त्याच्या पंजात पीस दिले.

तरसाने एकदा सभेकडे पाहिले आणि बोलायला सुरुवात केली.

"माझ्या पणज्याला वाघानं हाकललं, तिथून सांगतो," तो म्हणाला.

त्याने तिथूनच सांगितले. मग आजोबा. मग आजोबांचे भाऊ. मी हसतो असे जग म्हणते, पण तो माझा रडण्याचा आवाज आहे, असे तो म्हणाला तेव्हा ससा हुंदके देऊ लागला. रोहीने डोळे मिटून मान हलवली. मागून एका साळिंदराने आपले काटे आवळून घेतले, वक्त्याला टोचल्यासारखे वाटू नये म्हणून.

तांबी कोपऱ्यात बसली होती. आजोबांचा तिसरा भाऊ मरायला टेकला, आणि तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तरस इथे बसला आहे. मग उतारावर कोण आहे?

तिने नियम आठवला. मग पाडस आठवले. ती उठली.

"बस खाली," मोर दातओठ खायला दात नसल्यामुळे चोच आवळून म्हणाला.

ती बसली नाही. ती धावत घरी गेली. आईला उठवले, पाडसाला पुढे घातले. आई तीन पायांवर लंगडत निघाली. उतार रिकामा होता. तिघे पाण्याशी पोहोचले. आईने तोंड बुडवले ते कितीतरी वेळ वर काढलेच नाही. दुरून मोहाखालचा तरसाचा आवाज येत होता. तो ऐकू येतो तोवर भीती नव्हती.

तेवढ्यात आवाज थांबला.

तांबीने कान टवकारले. वरच्या वाटेवर पाचोळा वाजला. कोणीतरी उतरत होते. पळायला एकच वाट, आणि ती तीच. आई अधू, पाडस आठ दिवसांचे.

"तू पळ," आई म्हणाली.

तांबी पाडसाच्या पुढे उभी राहिली.

झुडपातून खवलेमांजर बाहेर आले. त्याच्याकडे वाळक्या भोपळ्याचे भांडे होते. तिघांना पाहून ते स्वतःला गुंडाळायला लागले.

"थांब," तांबी म्हणाली. "सभा संपली का?"

"संपते कसली. वक्त्याचा घसा बसला. दादांनी पाणी आणायला पाठवलंय." मग ते हळूच म्हणाले, "मी इथं कुणाला बघितलं नाही. मी तटस्थ आहे."

"आण ते भांडं इकडे."

तांबीने भोपळा स्वतः भरून दिला, काठोकाठ. "सांडू नकोस," ती म्हणाली. "आणि दुपारी परत ये. त्याचा घसा कोरडा पडता कामा नये."

थोड्या वेळाने तरसाचा आवाज पुन्हा सुरू झाला. तेव्हा तांबी दरडीवर चढली आणि भुंकली, जोरात आणि तीनदा. बिळांतून, जाळ्यांतून लहान जनावरे निघाली. जी युवा आघाडीत नव्हती ती सगळी पाणी प्यायली. संध्याकाळी पाडस आईला ढुशी देऊन दूध पीत होते.

तरसाचे भाषण त्या दिवशी संपले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्याला ते आवडू लागले होते. उतारापेक्षा ही सावली बरी होती, आणि पाणी हातात येत होते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी, सभा उठल्यावर, रोही आणि मोर तांबीकडे आले.

"तुला आघाडीतून काढलं आहे," रोही म्हणाला.

मोराने कारणे सांगितली. भाषण चालू असताना उठली, हे एक. भुंकली, एकदा सभेत आणि एकदा दरडीवर, हे दुसरे. "आणि सगळ्यांत गंभीर म्हणजे, ठराव मंजूर होण्याआधीच पाणी प्यायलीस."

तांबीने पाडसाकडे पाहिले. ते उड्या मारत होते.

"तरस उद्या येणार ना सभेला?" तिने विचारले.

"येणार म्हणजे? अजून त्याचा जन्म व्हायचा आहे भाषणात."

"मग काढा मला, दादा," तांबी म्हणाली. "पण सभा मोडू नका."

पुढे पाऊस पडला, ओढे वाहू लागले. युवा आघाडीने जंगलभर जाहीर केले, की पाण्याचा प्रश्न संवादातून सुटला. ते खोटे होते, असे मला म्हणता येत नाही. तरसाला उपाध्यक्ष केले. ससा अजून कोरड्या ओठांनी ऐकतो आहे.

तात्पर्य : भल्या विचारांच्या सभेला नावे ठेवू नयेत. दुष्टाला दिवसभर एका जागी बसवून ठेवायला तिच्यासारखे साधन नाही. फक्त तहान लागली असेल, तर आपण तिथे बसू नये.