अकरावा माणूस

सॉलोमनकाका माणसाला नाव विचारत नाहीत. थेट आडनाव विचारतात. तेही माझ्या मेडिकलच्या दुकानात बसून, माझ्या गिऱ्हाइकांना.

पनवेलच्या जुन्या भागात, इस्राएल आळीच्या तोंडाशी माझं दुकान. काका मराठी ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. त्यांच्या शनिवारच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. नऊ असले तर जमत नाही. बायका कितीही असल्या तरी नाही. हा नियम कुणी केला, असं मी एकदा विचारलं. "पुरुषांनी," काका म्हणाले.

आळीतली बहुतेक घरं इस्राएलला निघून गेली. उरले ते काकांना धरून बरोबर दहा. त्यातल्या एखाद्याला सर्दी झाली तरी काका हवालदिल होतात आणि गोळ्या स्वतः नेऊन पोचवतात.

काकांचा मुलगा तिकडेच असतो. सारखा बोलावतो. काकांचं उत्तर ठरलेलं, "मी आलो तर इथे नऊ उरतील. अकरावा मिळू दे, दुसऱ्या दिवशी विमानात बसतो."

म्हणून ही आडनावांची चौकशी. त्यांची आडनावंही आपल्यासारखीच गावावरून पडलेली, त्यामुळे घोटाळे होतात. समोरच्या बिल्डिंगमध्ये एक चिरनेरकर राहायला आले. काकांनी त्यांची डॉक्टरची चिठ्ठी माझ्या हातातून घेऊन वाचली.

"चिरनेरकर! शनिवारी सकाळी मोकळे असता का?"

"नाही हो. मारुतीला जातो."

काकांनी चिठ्ठी परत दिली. "बरं आहे. जागृत दैवत आहे."

पनवेल तसं राहायला गैरसोयीचं नाही. मासळी ताजी मिळते. मुंबई जवळ आणि पुणं फार लांब नाही, हे इथला प्रत्येक जण पाहुण्याला सांगतोच. न्हावा शेवा बंदराचे कंटेनर हायवेवर खोळंबतात आणि त्यांची धूळ माझ्या काउंटरवर येऊन बसते. विमानतळ होणार, होणार म्हणून जागांचे भाव चढले, विमान मात्र अजून दिसलेलं नाही. मुलगा तिकीट पाठवतो म्हणाला की काकांना तेही निमित्त पुरतं. "विमानतळ दाराशी येतोय. उगाच सहारपर्यंत कशाला जाऊ?"

एका शुक्रवारी संध्याकाळी एक तरुण घाम पुसत दुकानात आला. न्हावा शेव्याला नुकताच नोकरीला लागलेला.

"काकू, मशीद कुठे आहे हो? रिक्षावाल्याला मशीद म्हटलं तर त्यानं मुसलमान मोहल्ल्यात नेऊन सोडलं. तिथले एक चाचा म्हणाले, बेटा, आपकी मस्जिद उधर, मेडिकल के पास."

मराठी ज्यू आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणतात. पण हे ठाऊक फक्त आमच्या आळीला आणि त्या चाचांना.

काका उठले. आडनाव विचारलंच नाही. पोराचं मनगट धरलं आणि चालू लागले.

सोमवारी मी म्हटलं, "काका, मिळाला की अकरावा. काढा तिकीट."

"हं."

"हं काय? सुनेच्या हातचं गरम जेवा. इथे कोण आहे तुमचं?"

काका काउंटरवरच्या कफ सिरपच्या बाटल्यांची लेबलं एका बाजूला वळवत बसले. मग म्हणाले, "सुनंदा, तिकडे दहा माणसं शोधावी लागत नाहीत. खिडकीतून हाक मारली तर पन्नास येतील. एखाद्या शनिवारी मी गेलो नाही, तर कुणाला कळणार आहे?"

मी बिल करत राहिले.

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"पप्पा, मिळाला का कोणी?"

"नाही रे. मी गेलो की नऊच."

"खरं सांगताय? मेडिकलवाल्या काकूंना द्या बरं."

काकांनी फोन माझ्यापुढे धरला. माझ्याकडे पाहिलं नाही. खोटं बोलणं मला आवडत नाही. औषधांच्या धंद्यात ते परवडतही नाही.

"रोज बघतोय आम्ही," मी म्हटलं. "अजून कोणी नाही."

पलीकडे मुलानं सुस्कारा सोडला. "असू दे. पनवेल काय म्हणतंय?"

काकांनी चटकन फोन स्वतःकडे ओढला. "कसलं पनवेल घेऊन बसलास! धूळ, डास, ट्रॅफिक. माणसानं राहावं असं काही उरलेलं नाही इथे," ते म्हणाले आणि चपला काढून, पाय वर घेऊन ऐसपैस बसले.