परबकाकांचा निजलेला दिवा

माझ्या लग्नाच्या नोंदणीच्या कागदाला एक भोक आहे. बारीकसं, अगदी साक्षीदाराच्या सहीच्या जागी. ते पाडलं आमच्या परबकाकांनी. साक्षीदार म्हणून सही करायला त्यांनी ऐटीत खिशात हात घातला, पेन समजून हाताला लागलं ते काढलं आणि 'सदानंद'मधला 'स' सुरू करताच कागदातून आरपार गेले. नोंदणी कार्यालयातल्या बाई किंचाळल्या, "अहो, हे काय आहे?" काकांनी हातातल्या वस्तूकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "दिवो."

हा दिवा म्हणजे गाडीचं वायरिंग तपासायचा टेस्ट लॅम्प. स्क्रू ड्रायव्हरसारखी पारदर्शक मूठ, मुठीत इवलासा बल्ब, पुढे दाभणासारखं टोक, मागे लांबलचक वायर आणि वायरीच्या शेवटी चिमटा. चिमटा गाडीच्या पत्र्याला लावायचा, टोक संशयित वायरीत खुपसायचं. बल्ब पेटला तर करंट इथवर आला. नाही पेटला तर मागे कुठेतरी अडकला. एवढ्या विद्येवर काकांनी लालबागच्या आमच्या गल्लीत चाळीस वर्षं काढली. दुकान म्हणजे चाळीच्या भिंतीला ठोकलेलं एक लाकडी कपाट. बाकी सगळी जागा गाडीवाल्याने आपली आपण आणायची.

गाडी बंद पडली की काकांचं एकच वाक्य असे. "करंट खंय अडकलो तां बघूया." दुसरं वाक्य, "बॅटरीपासून चल." मधूनच सुरुवात केलेली त्यांना खपत नाही. हेडलाइट गेला असला तरी तपास बॅटरीपासून. गिऱ्हाईक घाईत असेल तर आणखी सावकाश. मेकॅनिक लोक लगेच पार्ट बदलतात याचा त्यांना भयंकर राग. "ताप इलो म्हणून डोक्या बदलतत मेले," असं म्हणतात आणि वर माझ्याकडे बघतात, कारण मी शाळेत गणित शिकवते आणि त्यांच्या मते मला हे पटायलाच हवं.

बरं, ही पद्धत गाड्यांपुरती राहिली असती तर माझी काही तक्रार नव्हती. एकदा माझं आणि नवऱ्याचं कपाटाच्या किल्लीवरून कडाक्याचं भांडण चाललं होतं. शेजारच्या खोलीतून काका गॅलरीने आत आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बॅटरीपासून चला. सकाळी पयलो कोण उठलो?" पाऊण तास आमची उलटतपासणी झाली. शेवटी किल्ली काकांच्याच खिशात निघाली. आदल्या दिवशी कुलपात तेल घालायला तेच घेऊन गेले होते. माफी वगैरे काही नाही. "गावली मां?" म्हणाले आणि चहा मागितला.

ब्रेकलाइट तपासताना आत बसून ब्रेक दाबायला त्यांना माणूस लागतो. तो माणूस ते रस्त्यावरून उचलतात. पोस्टमन झाला, नारळवाला झाला. एकदा माझ्या सासूबाई करी रोडहून आमच्याकडे येत होत्या, हातात मेथीच्या जुड्या. त्यांना काकांनी एका अनोळखी माणसाच्या गाडीत बसवलं. "दाबा! सोडा! दाबा!" अर्ध्या तासाने मी खाली गेले तर सासूबाई स्टिअरिंगवर मेथी निवडत बसलेल्या आणि पाय इमानदारीत ब्रेकवर.

काकांचा पक्का मित्र आणि तितकाच पक्का शत्रू म्हणजे सिद्धार्थ कांबळे. समोरच्या चाळीत राहतो, स्वतःची टॅक्सी चालवतो. त्याने कुठून तरी डिजिटल मीटर मागवला आणि तेव्हापासून दोघांत युद्ध पेटलं. सिद्धू म्हणायचा, "काका, जमाना बदलला. बटण दाबा, आकडा बघा, विषय कट." काका दिवा उंच धरून म्हणायचे, "तुजो मीटर म्हणजे सायब. इचारलंस की खुर्चीत बसान सांगता, बारा वोल्ट. माजो दिवो कामगार. तो काम करून दाखयता." यात तथ्य होतं, हे मी भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना विचारून घेतलं. तार एका केसावर लोंबकळत असली तरी मीटर पूर्ण आकडा दाखवतो, कारण त्याला करंट जवळजवळ लागतच नाही. दिव्याला पेटायला करंट लागतो, त्यामुळे त्याच्यापुढे लबाडी चालत नाही. हे मी काकांना सांगितलं तर म्हणाले, "ता माका चाळीस वर्सां ठावक आसा."

या दिव्याला वर्षातून एकच सुट्टी. दसऱ्याला. सकाळी पकड, पाने, वायरचं भेंडोळं आणि मधोमध दिवा अशी पूजा मांडली जाते. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची पानं. आणि एकदा पूजेला लावलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उचलायचं नाही. बऱ्याच कारागिरांकडे हा रिवाज असतो, पण काकांच्या घरी तो कायदा आहे. "दिवो निजलो," एवढंच सांगतात. पूर्वी ही पूजा ते आणि शालनकाकू मिळून करायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या. आम्हाला वाटलं आता काका पूजा सोडतील, निदान सैल पडतील. उलट ते जास्तच कडक झाले. दोन वर्षांपूर्वी मी नणंदेच्या वास्तुशांतीला शीवला निघाले आणि माझी स्कूटर ऐन दसऱ्याला रुसली. मी हात जोडले, काकांनीही जोडले. शेवटी मी भरजरी साडीत, मांडीवर हातभर उंचीची पितळी समई घेऊन बसने गेले. काका गॅलरीतून हात हलवून निरोप देत होते. त्या दिवशी मी त्यांच्याशी कायमचं बोलणं सोडलं. ते दुसऱ्या दिवशी दहा वाजेपर्यंत टिकलं.

आता गेल्या दसऱ्याची गोष्ट.

सिद्धूच्या आईला सगळी गल्ली माई म्हणते. माई लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला दीक्षेला गेलेल्या. तेव्हापासून विजयादशमीला पांढरी साडी नेसून वंदनेला जायचं, आणि लग्न होऊन मुंबईत आल्यापासून दादरला चैत्यभूमीवर जायचं, हे त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. आदल्या वर्षी मात्र त्या पडल्या, मांडीत सळई बसली आणि तो दिवस हॉस्पिटलात गेला. ते त्यांच्या मनाला फार लागलं होतं. "यंदा नेतोस ना?" हे त्या सिद्धूला जूनपासून विचारत होत्या. त्यांचा पाय आता वाकत नाही. म्हणून सिद्धूने टॅक्सीची पुढची सीट पार मागे सरकवून त्यांच्यापुरती बसवून घेतली होती. दुसऱ्या कुठल्या गाडीत त्यांना बसताच येत नव्हतं.

सकाळी नऊ वाजता माई पुढच्या सीटवर पाय लांब करून बसल्या. मांडीवर फुलं, मेणबत्त्या. सिद्धूने चावी फिरवली. गाडीने 'टक्' केलं आणि गप्प. पुन्हा 'टक्'. आसपासची झाडून सगळी गॅरेजं पूजेसाठी बंद. सिद्धूने बोनेट उघडलं, मीटर लावला आणि वर बघून ओरडला, "काका, बारा पॉइंट सहा!"

काका पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभे होते. कडक इस्त्रीचा लेंगा, कपाळावर गंध. "सायबाक इचारू नको! हॉर्न वाजव!"

हॉर्न वाजला, पण सर्दी झाल्यासारखा.

"खाली या ना काका."

"येतलंय कसो? दिवो निजलो. मी हंयसून सांगतंय, तू कर. मनी, तू पण खाली जा गो. सिद्धूक डोक्या नाय."

मनी म्हणजे मी. अशी ती दुरुस्ती सुरू झाली. वरून हुकूम, खाली एक टॅक्सीवाला आणि एक गणिताची बाई. "मनी, ती काळी तार हलव!" मी हलवली. "अगो, ती पाण्याची नळी आसा!" मग मी दुसरं काहीतरी हलवलं तर वायपर चालू झाले आणि सिद्धूने कपाळावर हात मारला. वीस मिनिटं झाली, चाळीस झाली. गॅलऱ्या माणसांनी भरल्या, प्रत्येकाचा एक सल्ला. सिद्धूचा शर्ट घामाने भिजला. माई मात्र मांडीवरची फुलं उन्हात येऊ नयेत म्हणून पदर पुढे ओढत होत्या.

शेवटी त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली. "सदा, राहू दे रे बाबा. पूजेला लागलेली वस्तू उचलायची नसती. तुझं मोडू नगंस. आमी पुढच्या वर्षी जाऊ."

पंचाहत्तरीच्या बाईने 'पुढच्या वर्षी' इतकं सहज म्हटलं की गॅलऱ्यांमधले सल्ले एकदम थांबले. सिद्धूने मान खाली घातली. मला काकांचा अस्सा राग आला म्हणून सांगू! वर बघितलं तर ते गॅलरीत नव्हते.

तावातावाने मी जिना चढले. काय काय बोलायचं ते पायरीपायरीला ठरवत होते. त्यांचं दार लोटलेलं होतं आणि आतून काकांचा आवाज येत होता. हळू, विनवणीचा. असा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "माईचो प्रश्न आसा गो. नायतर मी कधी इचारलंय तुका? उचलू मां? लगेच आणून ठेवतंय..." मला वाटलं, गावी बहिणीला फोन केलाय. दार उघडलं आणि काका बाहेर आले. हातात दिवा. मुठीवर कुंकू, चिमट्यात झेंडूची पाकळी अडकलेली.

"परवानगी गावली," म्हणाले आणि माझ्या अंगावरूनच खाली उतरले.

"बॅटरीपासून," त्यांनी बोनेटमध्ये डोकं घालत स्वतःलाच बजावलं. चिमटा बॅटरीच्या एका टोकाला, दिव्याची सुई दुसऱ्याला. लख्ख. मग त्या दुसऱ्या टोकाची काळी तार धरून पुढे. तार पत्र्याला बोल्टने आवळली होती तिथपर्यंत लख्ख. तिथून दोन बोटं पलीकडे, पत्र्यावर सुई खरवडून टेकवली, तर बल्ब जेमतेम लालसर. काका थांबले. बोटाने पत्रा चाचपला. तो नवा कोरा, निळा, चकचकीत होता.

"सिद्धू, ह्या काय?"

"रंग दिला, काका. आईला न्यायचं होतं ना. आतूनपण चांगली दिसावी म्हणून रात्री बोल्ट खोलून दोन हात मारले."

"आणि तार रंगावर आवळलंस. मेल्या, रंगातून करंट जाता?"

चाकूने त्यांनी बोल्टखालचा रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडला, तार घट्ट आवळली आणि ओरडले, "मार!" सिद्धूने चावी मारली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. गॅलऱ्यांमधून टाळ्या पडल्या. एरवी काकांनी त्या मीटरचा महिनाभर उद्धार केला असता. आज त्यांनी नुसतं बोनेट लावलं. दिवा लेंग्याला पुसणार होते, पण कुंकू दिसलं आणि तसाच हातात धरला.

"सदा, बस मागं," माई म्हणाल्या.

"मी? नको गो माई. माका ह्यो परत ठेवूचो आसा."

"वाटंत परत बंद पडली तर? माझं मागलं वरीस चुकलंय. बस."

काका एकदा वर आपल्या दाराकडे बघून मागच्या सीटवर बसले. दिवा दोन्ही हातांत धरलेला. गाडी हलता हलता खिडकीतून म्हणाले, "मनी, आमी थांबतंव, तू माजा दार लावून ये गो. उघडाच रव्हला."

मी वर गेले. लाल कापडावर पकड होती, पाने होते, वायरचं भेंडोळं होतं आणि मधे फुलांमध्ये दिव्याची रिकामी जागा. समोर काकांचा बसायचा पाट. आणि त्या पाटाला लागून दुसरा पाट, त्यावर तांदळाची छोटी रास आणि राशीवर एक सुपारी. सुपारीला हळदकुंकू, समोर आपट्याचं पान.

पूजेला जोडीने बसायचं असतं आणि बायको नसली की तिच्या जागी सुपारी मांडतात, हे मला माहीत होतं. तीन वर्षं काका असे बसत होते हे माहीत नव्हतं. आम्ही सगळे त्याला हट्ट म्हणत होतो. वर्षातला एक दिवस शालनकाकू त्यांच्याशेजारी बसत होत्या, आणि हत्यार उचललं की ती बैठक मोडणार होती. परवानगी कुणाकडे मागितली ते मला आता कळलं. मला फार लाज वाटली आणि फार वाईट वाटलं. निरांजन विझायला आलं होतं, त्यात चमचाभर तूप घातलं. काकूंना दार आपटलेलं मुळीच खपायचं नाही. मी ते अलगद ओढून घेतलं.

खाली आले तर टॅक्सी थांबलेलीच होती. काका खिडकीतून अर्धे बाहेर आले होते.

"लावलंस काय गो?"

"लावलं."

"आपटलंस नाय मां?"

"नाही हो काका," मी म्हटलं. "हळूच लावलं."