गणिताच्या बाईंचं जंगी स्वागत

स्वागत करावं तर ते मीच! फुशारकी मारत नाही, पण अख्ख्या जामखेड तालुक्यात माझ्यासारखी कमान कोणी उभारून दाखवावी, माझे सगळे ब्रश चुलीत घालीन. बिशप आले, कमान माझी. इन्स्पेक्टर आले, कमान माझी. एकदा कलेक्टर आले तेव्हाही कमान माझीच. आता कलेक्टर आलेच नाहीत हा भाग वेगळा, पण कमान उभी होती!

मी एलिया चक्रनारायण, लुथरन हायस्कूलचा चित्रकलेचा मास्तर. आमचं गाव खर्ड्याच्या रस्त्यावर. नाव सांगत नाही. गावातली काही माणसं अजून माझ्यावर डूख धरून आहेत.

गोष्ट त्र्याहत्तर सालच्या जूनमधली. दुष्काळानं माणसं, जनावरं आणि फळ्यावरचे खडू, सगळेच वाळून बारीक झाले होते. त्यात आमच्या शाळेत दोन वर्षं गणिताला शिक्षक नव्हता. म्हणजे यायचे, पण टिकायचे नाहीत. एक जण एसटीतून उतरले, चहूकडे बघितलं आणि प्यायला पाणी मागितलं. कोणीतरी म्हणालं, "टँकर परवा येनार हाय." ते त्याच एसटीत परत चढले! दुसऱ्यांनी तर उतरायचीही तसदी घेतली नाही. खिडकीतूनच गाव बघितलं आणि कंडक्टरकडे पुढचं तिकीट मागितलं. अकरावीचा गणिताचा निकाल असा लागला, की तो लिहायला फळाही लागला नाही. शिपायानं तोंडी सांगितला!

आमचे मुख्याध्यापक रेव्हरंड भिंगारदिवे. चर्चचे पाळकही तेच. आठवडाभर छडी आणि रविवारी क्षमा, अशी त्यांची वाटणी होती. त्यांनी मला खोलीत बोलावलं.

"चक्रनारायण, सोमवारी दुपारच्या गाडीनं दोन नवे शिक्षक येताहेत. इतिहासाला खर्ड्याकडचे गर्जे, आणि गणिताला राहात्याच्या मिस उजगरे. बी.एस्सी.! या बाई टिकल्या पाहिजेत हो. या गेल्या तर मुलांनी पुढं करायचं काय?"

"टिकतील सर!"

"कशा?"

"स्वागतानं! एकदा गळ्यात हार पडला की माणसाला परत जायची लाज वाटते."

"बरं. पण साधंच करा हं."

साधंच! वाघाला सांगावं, आज वरण-भात खा!

मी कंबर कसली. या वेळी गावातून गणित परत जाऊ द्यायचं नाही, मग मला एसटीपुढे आडवं पडावं लागलं तरी बेहत्तर! योजना अशी होती. पाचवीत आलेली नवी मुलं स्टँडवर दुतर्फा उभी राहतील. शिक्षक कमानीखालून येतील. सजवलेल्या बैलगाडीत बसतील. पुढं बँड, मागं मुलं, आणि शाळेच्या दारात नव्या मुलांचं आणि नव्या शिक्षकांचं एकत्रच स्वागत!

फुलं औषधालासुद्धा नव्हती. जामखेडहून मोठ्या मिनतवारीनं दोन हार मिळवले. उधळायला काय? बोर्डिंगच्या कोठीत दुष्काळी मदतीत अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी किडून पडली होती. ती पाचवीच्या मुलांना मूठमूठ वाटली. कमान मंडपवाल्याकडून आणली. तिच्यावर जरीच्या अक्षरांत 'शुभविवाह' लिहिलेली फळी खिळ्यांनी ठोकलेली होती, ती निघेना. मी त्यावर कागद चिकटवला आणि झोकदार अक्षरांत 'सुस्वागतम्' काढलं. खळ मात्र अस्सल गव्हाच्या पिठाची!

बँड बन्सीचा. दुष्काळात लग्नं बिनवाजंत्रीचीच उरकत होती, त्यामुळं बन्सी दोन वर्षं रिकामा होता.

"बन्सी, स्वागताची धून येते का?"

"येती की! नवरदेव पारावर आल्याव वाजवतो ती."

"ती नको. दुसरी?"

"दुसरी नवरी आल्यावची."

"तिसरी?"

"तिसरी पोरीला वाटं लावायची. ती वाजवू का?"

गणिताच्या बाईंना आल्या आल्या वाटे लावणं काही बरं दिसलं नसतं. पहिलीच ठरवली.

आमची मंडळी, दया, स्टँडवर सगळी तयारी बघायला आली. "अहो," ती म्हणाली, "हे जरा लग्नासारखं नाही का दिसत?"

"दया, कलेतलं तुला काय कळतं?"

ती गप्प घरी गेली. नवऱ्याचं ऐकणारी बायको म्हणजे देवाचं देणं. पण त्या दिवशी तिनं ऐकलं नसतं तर बरं झालं असतं!

बैलगाडी मी कमानीखाली जू टेकवून ठेवली होती आणि मुलांच्या रांगा लावायला पुढं गेलो. नेमक्या तेवढ्यात बनुबाईच्या शेळ्या आल्या. गावातली सगळ्यात म्हातारी बाई बनुबाई, आणि तिच्या शेळ्या गावातल्या सगळ्यात भुकेल्या. दोन वर्षं त्यांनी भिंतीवरची पोस्टरंच खाल्ली होती. त्या गाडीवर चढल्या, मागच्या पायांवर उभ्या राहिल्या आणि पिठाच्या खळीसकट 'सुस्वागतम्' चट्टामट्टा केलं! माझी पाठ तिकडं होती. मला कसं कळणार?

आली! धुरळा उडवत एसटी आली!

आधी पांढरी टोपी घातलेले, लाजरेबुजरे गर्जे मास्तर उतरले. मग हिरवं लुगडं नेसलेल्या मिस उजगरे, ताठ मानेच्या, चष्मेवाल्या. मागोमाग कोट घातलेले त्यांचे वडील, श्रीमंतराव. साखर कारखान्याच्या काट्यावर जन्म काढलेला माणूस, नजरेनंच समोरच्याचं वजन करणारा! पोरीची पेटी टपावर होती. ते शिडीवरून वर चढले.

मला दम कुठला? मी पुढं झालो. "नमस्कार! मी स्वागत समिती!" आणि दोघांच्या गळ्यांत हार घातले. बन्सीनं पुंगाणीत दोन वर्षांचा साठलेला श्वास सोडला. ढोल असा कडाडला की एसटीच्या काचा थरथरल्या. मुलांनी तांबडी ज्वारी उधळली. मी बैल जुंपायला सांगितले आणि दोघांना हाताला धरून गाडीत शेजारी शेजारी बसवलं. मान वर करून कमान बघायला सवड कुणाला!

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"साधंच आहे बाई!" मी ओरडून सांगितलं.

टपावर श्रीमंतराव पेटी उचलत होते. त्यांची नजर बरोबर कमानीच्या उंचीवर! त्यांनी वाचलं. परत वाचलं.

"शुभविवाह?" ते किंचाळले. "एलिझाबेथ! कोण आहे तो?"

पण बँडपुढं त्यांचं कोण ऐकतो? आणि आमचा ड्रायव्हर तर भला माणूस. वरातीला वाट करून द्यायला म्हणून त्यानं गाडी मागं घेतली ती थेट लांबच्या लिंबाखाली, श्रीमंतरावांना टपावर घेऊनच! पेटीला मिठी मारून ते "थांबा, थांबा!" ओरडत लहान लहान होत गेले.

वरात निघाली. चुकलो, मिरवणूक निघाली! दोन वर्षं गावानं वाजंत्री ऐकली नव्हती. घराघरातून माणसं धावली.

"कुनाचं लगीन हाय?"

"मास्तरचं आन मास्तरनीचं!"

"जोडा लई ब्येस हाय!"

"लग्न नाही, स्वागत आहे!" मी घसा फोडून सांगत होतो. लोक मान डोलवत म्हणत होते, "व्हय, व्हय, स्वागत तर करायलाच पायजे!" एकीनं तर बाईंच्या मांडीवर खणसुद्धा ठेवला.

शाळेच्या फाटकात बनुबाई आरतीचं ताट घेऊन आडवी. सोबत बायकांची भिंत.

"नाव घेतल्याबिगर आत सोडनार न्हाई!"

बाई आधीच वैतागलेल्या. पण पहिलाच दिवस, म्हणून नम्रपणे म्हणाल्या, "एलिझाबेथ."

बायका फिदीफिदी हसल्या. "अगं, तुजं न्हाई! त्येचं!"

बाई शेजारी वळल्या. "आपलं नाव काय हो?"

"आत्ता गं बया!" बनुबाईनं कपाळाला हात लावला. "नवऱ्याचं नाव बी ठावं न्हाई!"

"स... सहादेव," गर्जे मास्तर हाराच्या आतून पुटपुटले.

"यांचं नाव सहादेव!" बाईंनी वर्गात हजेरी घ्यावी तसं खणखणीत सांगितलं. टाळ्या! ढोल! ज्वारीचा वर्षाव!

एवढा गोंधळ ऐकून रेव्हरंड भिंगारदिवे बाहेर धावले. हार बघितले, ताट बघितलं, डोक्यावरची ज्वारी बघितली. त्यांचा चेहरा रविवारचा होता तो एकदम सोमवारचा झाला.

"चक्रनारायण! तीन रविवार चर्चमध्ये पुकारा झाल्याशिवाय मी कोणाचं लग्न लावणार नाही! सांगून ठेवतो!"

"सर, लग्न नाही हो..."

तेवढ्यात पाठीमागं टेम्पोचा भोंगा वाजला. टेम्पोत पलंग, पिंप, स्टोव्ह आणि या सगळ्यावर पाय रोवून उभी असलेली एक बाई. हातात लाकडी काठवट, अशी धरलेली की पुढं भाकरीऐवजी डोकं थापायचं आहे!

गर्जे मास्तर गाडीत उभे राहिले आणि लगेच बसले. "आमची मंडळी," ते म्हणाले. "मनकर्णा. सामान घेऊन मागनं येणार होती."

"रस्त्यात येक जन म्हनला, गर्जे मास्तरचं लगीन हाय," मनकर्णाबाई खाली उतरत म्हणाल्या. "मी म्हनलं, झालंय की, माज्यासंगट! तर त्यो म्हनला, न्हाई, आत्ता लागतंय!"

"अगं, ऐक तर..."

"काय ऐकू? तिकडं घरी सामान बांदत बसले मी, आन तुमी हितं हार घालून बसला व्हय!"

आणि याच घटकेला, डोक्यावर पेटी घेऊन, कोट घामानं चिंब झालेले श्रीमंतराव पळत पोचले. पेटी आपटली.

"पेटी उतरायच्या आत पोरीचं लग्न लावून टाकणाऱ्या गावात मी तिला ठेवणार नाही! चल, एलिझाबेथ. एसटी उभी आहे अजून!"

गेलं गणित! आणि या वेळी माझ्याच हातानं गेलं! मी खरोखरच रस्त्यावर आडवं पडायला जागा शोधू लागलो.

मिस उजगरे गाडीत उभ्या राहिल्या. चष्मा नीट केला.

"शांत!"

एकच शब्द. बन्सीचा श्वास पुंगाणीतच अडकला. बैलांनी रवंथ थांबवलं. रेव्हरंडसाहेबांनीसुद्धा हाताची घडी घातली!

"हे लग्न कुणी ठरवलं?"

अख्ख्या गावाची बोटं माझ्याकडं. बैलांनीही शिंगं वळवल्यासारखं मला वाटलं.

"स्वागत होतं बाई," मी म्हणालो. "तुम्ही टिकाव्यात म्हणून. गणिताला कोणीच टिकत नाही हो. कुणी उतरून बघतं, कुणी उतरतही नाही. मला वाटलं, इतकं करू की तुम्हाला जाववणारच नाही."

फाटकाशी अकरावीच्या मुली उभ्या होत्या. त्यांना बाईंनी विचारलं, "गणिताचं पुस्तक कुठपर्यंत आलंय?"

मुली एकमेकींकडं बघू लागल्या. शेवटी मुक्ता नावाची एक धीट मुलगी म्हणाली, "पुस्तक घेतलंय, बाई."

एवढंच. कोणी हसलं नाही. रेव्हरंडसाहेब जमिनीकडं बघत राहिले.

बाई वडिलांकडं वळल्या. "बाबा, पेटी आत न्या."

"अगं, पण हे लोक..."

"लग्न लागलं का?"

"आणखी जरा उशीर झाला असता तर लागलं असतं!"

"लागलं नाही ना? मग आत न्या."

काट्यावरच्या माणसानं लेकीला खालपासून वरपर्यंत एकदा तोललं. मग मुकाट्यानं पेटी डोक्यावर घेतली.

बाई खाली उतरल्या, गळ्यातला हार काढला आणि मनकर्णाबाईंच्या गळ्यात घातला. "ताई, हा तुमचा. चुकून माझ्याकडं आला."

मनकर्णाबाईंनी हाराकडं बघितलं. मग नवऱ्याकडं. मग बन्सीकडं. काठवट हळूहळू खाली आली.

"आमच्या लग्नाला बाजा न्हवता," त्या म्हणाल्या. "दुस्काळात लागलं. घरातल्या घरात."

त्यांनी काठवट काखेत मारली.

"मंग बगताय काय? वाजवा की!"

आणि त्या पदर सावरून, काठवटीसकट, गाडीत चढल्या! गर्जे मास्तर लाजून हारात गडप झाले. बन्सीनं तिन्ही धुनी पाठोपाठ वाजवल्या, वाटे लावायचीसुद्धा. बनुबाईनं या वेळी मनकर्णाबाईंकडून खरं नाव वदवून घेतलं. गाव दिवे लागेपर्यंत नाचलं. मी काय केलं? टेम्पोतला पलंग, पिंप आणि स्टोव्ह एकट्यानं गर्जे मास्तरांच्या खोलीवर नेला. मदतीला माणूस मिळेना, सगळे वरातीत!

पिंप घेऊन शाळेवरून जाताना खिडकीतून बघितलं, तर मिस उजगरे पाचवीच्या नव्या मुलांना बाकांवर बसवत होत्या. मुलांच्या मुठीत उरलेली ज्वारी होती. ती बाकावर मांडून त्या बेरीज शिकवत होत्या. मागच्या बाकावर श्रीमंतराव बसले होते, कोट काढून.

बाई टिकल्या. पुढच्या वर्षी गणिताचा निकाल फळ्यावर लागला, आणि फळा पुरला नाही! पुढं काही वर्षांनी त्या आमच्या मुख्याध्यापिका झाल्या. खुर्चीत बसल्यावर त्यांनी काढलेला पहिला हुकूम अजून ऑफिसात लावलेला आहे: 'नवीन शिक्षक व विद्यार्थी यांच्या स्वागताच्या दिवशी श्री. चक्रनारायण यांना भरपगारी रजा राहील. त्यांनी ती गावाबाहेर घालवावी.'

दया म्हणते, "बघा, किती तो मान!" आणि तोंडाला पदर लावते.

मी दर जूनला निमूटपणे जामखेडला मेहुण्याकडं जातो. त्यानंही यंदा दारात कमान उभारायला सक्त मनाई केली आहे.