दिवा फक्त फोरमनलाच दिसायचा

ज्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की आता औषधांचा फारसा उपयोग होणार नाही, त्या दिवशी दवाखान्यातून घरी येताना गाडी बायकोनेच चालवली. फोरमन शेजारच्या सीटवर रिपोर्टांची पिशवी धरून बसला होता. ती मात्र प्रत्येक सिग्नलला थांबली, नीट वळली, आणि घरासमोर गाडी लावताना म्हणाली, "ब्रेक करकरतायत. बघून घ्या जरा."

फोरमनने ते बघायला नऊ महिने लावले. त्यातले चार महिने ती होती, पाच महिने नव्हती.

आता फोरमन म्हणजे कारखान्यात अडतीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. बंद पडलेलं मशीन याचं नुसतं खाकरणं ऐकून चालू होतं, असं कामगार म्हणायचे. ते चेष्टेने म्हणायचे, पण याला ते खरं वाटायचं. त्यामुळे ब्रेक नवे करून गॅरेजमधून गाडी बाहेर काढली आणि डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा पेटला, तेव्हा तो अजिबात घाबरला नाही. उलट घरी येऊन त्याने मुलीला फोन केला आणि गंमत म्हणून सगळं सांगितलं. एवढासा दिवा तो काय, संध्याकाळपर्यंत विझवतो, म्हणाला.

सगळ्या घोटाळ्याचं मूळ हा फोन.

मुलगी दुसऱ्या गावी राहते. आई गेल्यापासून तिचा एकच घोशा होता की बाबांनी या वयात गाडी चालवू नये. तिला निमित्त हवं होतं, ते बापाने आयतं हातात दिलं. ती म्हणाली, "बाबा, ब्रेकचा दिवा लागलेली गाडी जागची हलवायची नाही. मी रविवारी येते. तोवर दिवा गेला तर ठीक, नाहीतर गाडी विकायची. आता वाद नको."

वाद नको म्हटल्यावर फोरमनने फोन ठेवला. बायकोचे कपडे देऊन झाले होते. चष्मा दिला होता. कपाट रिकामं करून त्यात मुलीने वर्तमानपत्रं अंथरली होती. तिचं म्हणावं असं घरात काही उरलं नव्हतं. दारात तेवढी गाडी उरली होती.

सोमवारी फोरमनने गाडीचं पुस्तक काढलं, त्यावरची धूळ पुसली आणि कामाला लागला. हँडब्रेक चाळीस वेळा वर केला, चाळीस वेळा खाली केला. ब्रेक ऑइल बघितलं, ते काठोकाठ होतं. तरी थोडं घातलं, तेव्हा ते बाहेर आलं. मंगळवारी त्याने फ्यूज उपसायला सुरुवात केली. तिसऱ्या फ्यूजला दिवा विझला. फोरमनने स्वतःची पाठ थोपटली आणि गाडी गल्लीत फिरवायला काढली. वळणावर एक सायकलवाला आडवा आला. याने हॉर्न दाबला, तो वाजला नाही. धडपडीत दांडीला हात लागून वायपर मात्र सुरू झाले आणि कोरड्या काचेवर रडल्यासारखा आवाज करत राहिले. फ्यूज परत बसवला, दिवा परत आला.

समोरच्या घरातले मास्तर फाटकाशी उभे राहून हे सगळं बघत होते. त्यांनी चिकटपट्टी लावायचा सल्ला दिला. दिवा दिसलाच नाही तर त्रास कशाचा, असं त्यांचं म्हणणं. फोरमनने त्यांना सांगितलं, की तुम्ही चाळीस वर्षं मुलांच्या चुकांवर चिकटपट्टीच लावली असणार. त्यानंतर मास्तर आठवडाभर बोलले नाहीत, हा त्या आठवड्यातला एकमेव फायदा.

शेवटी बुधवारी फोरमन मान खाली घालून त्याच गॅरेजमध्ये गेला. गॅरेजच्या मालकाला सगळे पैलवान म्हणतात. कुस्तीशी संबंध नाही, केवळ आकारामुळे. त्याच्या गॅरेजचा एक नियम आहे: फाटकाशी इंजिन बंद करायचं आणि गाडी ढकलून आत आणायची. मागे एक गिऱ्हाईक गाडीसकट गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात गेलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम. फोरमनने इंजिन बंद केलं, खाली उतरला, चौघांनी गाडी आत ढकलली. पैलवान आत बसला, किल्ली फिरवली आणि म्हणाला, "कुठाय दिवा?"

फोरमनने खिडकीतून डोकं आत घातलं. दिवा नव्हता.

पैलवानाने समजुतीने मान हलवली. गाडी अर्धा तास उघडझाप करून परत दिली. फोरमन फाटकाबाहेर आला, किल्ली फिरवली. दिवा लागला. उलटा आत गेला; इंजिन बंद, चार माणसं, ढकलणं. पैलवान बसला. दिवा नाही. गुरुवारी पुन्हा तेच. ढकलणाऱ्यांनी आता फोरमनला बघून बाह्या सरसावायला सुरुवात केली होती.

गुरुवारी दुपारी मुलीने परस्पर पैलवानाला फोन लावला. पैलवान खोटं बोलणारा माणूस नाही. त्याने सांगितलं की ताई, गाडीत काही दोष नाही, दिवा फक्त काकांनाच दिसतो.

झालं. शुक्रवारी सकाळी फोरमन डोळ्यांच्या डॉक्टरसमोर हनुवटी टेकवून बसला होता. डॉक्टर म्हणाले, नजर तरुणाला लाजवील अशी आहे. हे फोनवर ऐकून मुलीला आनंद व्हायला हवा होता. पण तिचा आवाज एकदम मऊ झाला. ती विचारू लागली की झोप लागते का, एकटं असताना कुणाशी बोलावंसं वाटतं का, आणखी काही दिसतं का. फोरमनच्या लक्षात आलं की आपण दोन्हीकडून अडकलो. दिवा खरा असेल तर गाडी धोक्याची. दिवा खोटा असेल तर आपण धोक्याचे. काहीही झालं तरी रविवारी गाडी जाणार.

शनिवारी त्याने गाडी गॅरेजच्या फाटकात आडवी लावली आणि उतरलाच नाही. आतल्या गाड्या आत, बाहेरच्या बाहेर. हॉर्न वाजू लागले. पैलवान हात पुसत बाहेर आला. फोरमनने शेजारचं दार उघडलं.

"बस."

"काका, रस्ता अडलाय."

"बस म्हणतो ना."

पैलवान बसला, तशी गाडी त्या बाजूला कलली. फोरमनने डॅशबोर्डकडे बोट केलं. लाल दिवा ढळढळीत पेटलेला होता.

पैलवान बराच वेळ बघत राहिला. मग त्याची नजर दिव्यावरून खाली फोरमनच्या गुडघ्यांवर आली. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर आलेले, छाती स्टिअरिंगला टेकलेली. "जरा सीट मागे घ्या," तो म्हणाला. फोरमनने नाइलाजाने घेतली. दिवा विझला. पुढे घेतली, दिवा लागला. मागे, विझला. पुढे, लागला.

हँडब्रेक आवळताना त्याच्या दिव्याची वायर पैलवानाकडूनच सैल राहिली होती. सीट अगदी पुढे आली की ती वायर सीट सरकते त्या रुळाखाली चेपायची आणि दिवा लागायचा. पैलवान आपलं पोट घेऊन बसताना आधी सीट मागे घ्यायचा, म्हणून त्याला कधी दिसला नाही. आणि उतरताना मात्र ती इमानदारीने पुन्हा पुढे सरकवायचा, कारण फोरमननेच पहिल्या दिवशी रुळावर खडूने खूण करून बजावलं होतं, की काम झाल्यावर सीट या रेघेवर आली पाहिजे.

"पण काका, तुमची ही एवढी उंची," पैलवान वैतागून म्हणाला, "तुम्ही इतकी पुढे घेऊन बसता कशाला?"

"मी घेतलेली नाही ती," फोरमन म्हणाला.

पैलवानाने एकदा खडूच्या रेघेकडे बघितलं. खाली वाकून त्याने वायर रुळापासून दूर घेतली, क्लिप मारली, आणि उठताना सीट रेघेवर आणून ठेवली. दिवा लागला नाही. मागचे सगळे हॉर्न वाजवत होते, त्यांना त्याने जागच्या जागी गप्प केलं.

रविवारी मुलगी आली ती थेट गाडीकडे गेली. तपासायला म्हणून स्वतः चालवायच्या जागेवर बसली. तिची उंची आईएवढीच, सीटला हात लावावा लागला नाही. पाय नेमके पेडलवर पोचले, हात नेमके स्टिअरिंगवर. किल्ली फिरवायची ती विसरली आणि तशीच बसून राहिली. फोरमन बाहेर उभा राहून आपण टायर बघतोय असं दाखवत होता.

बऱ्याच वेळाने तिने किल्ली फिरवली. दिवा नव्हता.

"गाडी राहू दे," ती उतरताना म्हणाली. "पण सीट मागे घ्या, बाबा. पाय अडकतील एखाद्या दिवशी."

फोरमन घेतो म्हणाला. त्याला आता तीन आठवडे झाले. सीट मागे घ्यायची राहिली आहे.