कॉम्प्युटरला लावलेलं हळदकुंकू

घरातला जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा मला वाईट वाटलं नाही, हे आधीच कबूल करते. त्याचा काळा खोका अकरा वर्षं माझ्या खाटेखाली ऐसपैस बसलेला, आणि माझ्या लोणच्याच्या बरण्या गॅलरीत. कांदिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत कॅलेंडर लावायलाही भांडावं लागतं.

माझा मुलगा सुबोध म्हणाला, "नवा डेस्कटॉप तीस हजार. त्यापेक्षा हे बघ." मोबाइलवर पत्त्यांच्या कॅटएवढी हिरवी पाटी. अख्खा कॉम्प्युटर म्हणे तेवढ्यात. "सात हजार. वीजही कमी खातो."

"बाबा, तो तापतो," माझी नात सई म्हणाली. "आणि बिघडला तर भाग बदलता येत नाही, सगळं एकाच पाटीवर असतं. माझी ऑनलाइन परीक्षा आहे ना दसऱ्यानंतरच्या सोमवारी."

"अगं, लहान तेच बरं. काही तापत नाही," मी म्हटलं. (डोळ्यांसमोर बरण्या.)

दोन विरुद्ध एक. पाटी आली. मग कळलं, तिचा प्लग वेगळा, कार्ड वेगळं, पंखा वेगळा, डबी वेगळी. साताचे बारा हजार झाले. डबी तेवढी यायची राहिली, म्हणून पाटी उघडीच टेबलावर, जुन्या स्क्रीनला जोडून. मी बरण्या खाटेखाली लावून घेतल्या.

शनिवारी दसरा. त्या दिवशी आम्ही हत्यारं पुजतो: ह्यांची गिरणीतली कात्री, विळी, शिलाई मशीन, कॉम्प्युटर. जुन्या खोक्याला दरवर्षी हळदकुंकू लागायचं, त्याने कधी तक्रार केली नाही. सुबोध फुलांचं तोरण बांधत होता, सई अंघोळीला. नवा पाहुणा, म्हणून मी सढळ हाताने ओली हळद लावली, कुंकू, अक्षता, वर पाण्यातून काढलेला झेंडू. पाटीवरचा लाल दिवा दोनदा लुकलुकला. मला वाटलं, पावला. मग विझला.

सई बाहेर आली. "आजी, काय केलंस?"

"पूजा."

"त्याला कव्हर नव्हतं गं."

"म्हणून तर नीट लागली."

ती हसली नाही. परीक्षा तिने शेजारच्या शर्मिष्ठाकडे जाऊन दिली, आणि तिथे दोन बरण्या लोणचं मी स्वतः पोचवलं. दुकानदाराने पाटी उलटीसुलटी केली, एक तांदूळ काढून काउंटरवर ठेवला. "आजी, यात सुटं काही नसतं. गेलं ते सगळंच गेलं."

तीस हजारांचा डेस्कटॉप आला, खाटेखाली बसला. उरलेल्या बरण्या गॅलरीत.

यंदा दसऱ्याला सईने ताम्हणात ती मेलेली पाटी ठेवून माझ्यापुढे सरकवली. "हा तुझा कॉम्प्युटर. हवं तेवढं लाव."

लावलं. आणि खरं सांगते, मी म्हटलं होतं तसाच निघाला तो. तापत नाही, वीज खात नाही, बरणीच्या झाकणावर मावतो.