अस्सल ओकोनोमियाकी उपसमिती

१९८६ साली कॅलिफोर्नियातल्या आमच्या क्युपर्टिनोच्या मराठी मंडळासमोर एक गंभीर प्रश्न उपस्थित झाला. पुरुषोत्तम काकांच्या चिप कंपनीत ओसाकाहून तनाबे नावाचे बडे साहेब येणार होते. साहेबांना ओकोनोमियाकी, म्हणजे भरपूर कोबी घातलेलं तव्यावरचं जाडजूड धिरडं, जीव की प्राण. ते अस्सल ठिकाणी खिलवायची जबाबदारी काकांवर पडली आणि त्यांचं मॅनेजरपद त्यावर लटकलं. काकांना तर त्या पदार्थाचं नावसुद्धा धड घेता येत नव्हतं.

आता आपल्याकडे अडचण आली की उपसमिती नेमतात, तशी नेमली. अध्यक्षा मीनाक्षी काकू. त्यांनी पहिल्याच बैठकीत निकष ठरवून टाकला: ज्या देशाचं जेवण, त्या देशाची माणसं आत जेवताना दिसली पाहिजेत. ठराव एकमताने मंजूर झाला, चहा झाला.

सॅन होजेत एका जपानी आजींचं छोटं हॉटेल सापडलं. काचेतून डोकावलो, तर झाडून सगळे जपानी. समितीने ते तत्त्वतः अस्सल घोषित केलं. पण चव घेतल्याशिवाय शिक्कामोर्तब कसं करणार? आम्ही आत गेलो. समितीतल्या गुरुदत्तला अंडं चालत नव्हतं. लतिकाचा गुरुवार होता, म्हणून वरचा मासळीचा कीस गेला. काकूंनी पर्समधून हिरव्या मिरच्या काढून आजींच्या हातात ठेवल्या. अंड्याविना धिरडं तव्यावरच फाटायला लागलं, तेव्हा पुढच्या खेपेला काकू बेसनाचा डबाच घेऊन गेल्या. आजी बिचाऱ्या प्रत्येक सूचनेला कमरेत वाकून होकार देत होत्या.

चव मात्र अशी जमली म्हणता! सगळं मंडळ मुलाबाळांसकट तिथे लोटलं. जुनी जपानी गिऱ्हाइकं काही दिवस दारात ताटकळली, मग यायची थांबली.

तेव्हा गुरुदत्तने हरकतीचा मुद्दा काढला. आत एकही जपानी नाही, म्हणजे निकषानुसार हॉटेल अस्सल उरलेलं नाही. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. काकूंनी शांतपणे खुलासा केला की तनाबे साहेब स्वतः आत बसले, की निकषाची पूर्तता आपोआप होते.

शुक्रवारी साहेब येऊन बसले. काकांना बघताच आजींनी सवयीने बेसन कालवलं, मिरच्या ठेचल्या. साहेबांनी पहिला घास घेतला, थांबले आणि रुमालाने कपाळ पुसलं. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं.

"ओकोनोमियाकी," काका कसेबसे म्हणाले. "एकदम ऑथेंटिक."

साहेबांनी भोवतालच्या टेबलांवरून नजर फिरवली. सगळीकडे आम्हीच होतो.

"जाईन तिथे लोक मला ओकोनोमियाकीच खायला घालतात," ते म्हणाले. "अस्सल इंडियन जेवायला नेणारे तुम्ही पहिले."

"अस्सल कशावरून?" काकांच्या तोंडून निघून गेलं.

"सगळी तुमचीच माणसं जेवताहेत की."

काका मॅनेजर झाले. आम्हाला कोण आनंद झाला! पार्टी आजींकडेच ठेवू या, असं मी सुचवलं, तर मीनाक्षी काकूंनी नाक मुरडलं.

"तिथे नको बाई. तिथे सगळी आपलीच माणसं असतात."

हसू नका. परगावी तुम्हीही हॉटेलच्या काचेतून आत डोकावता, आपली माणसं दिसली की "अस्सल दिसतंय" म्हणता, आणि कुणी ओळखीचं बघायच्या आत गाडी पुढच्या हॉटेलकडे वळवता.